कोमट पाणी

गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान. दुकान आपलं म्हणायचं. एक लांबट टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटच्या घड्या, घड्यांवर पांढरी चादर, आणि दोघी जणी आत शिरल्या तर तिसरीला बाहेरूनच बोलावं लागेल एवढी जागा. मागच्या दाराने दोन पायऱ्या उतरलं की घर. गल्ली तिला इस्त्रीवाली म्हणायची. सासू मात्र तिला सांडशी म्हणायची, आणि तेही सगळ्यांसमोर.

त्या नावाला कारण होतं. लग्न होऊन नुकतीच आलेली, आणि शेगडीवर दूध उतू जायला लागलं. सासू फडकं शोधत फडताळ उघडतेय तोवर हिने नुसत्या हातांनी पातेलं उचललं, खाली ठेवलं आणि वर शांतपणे विचारलं, "साखर कुठे असते?"

सासूने आधी पातेल्याकडे बघितलं, मग सुनेच्या बोटांकडे. "अगं, मी सून आणली की सांडशी?"

तेव्हापासून ते नाव बसलं. हिला त्याचा राग नव्हता, उलट तोराच होता. माहेरीही इस्त्रीचाच धंदा. तिची आई कोळशाच्या इस्त्रीतून निखारा खाली पडला तर दोन बोटांनी उचलून परत आत टाकायची, जसं कुणी सांडलेलं बोर उचलावं. "कामाचे हात आहेत हे, मिरवायचे नाहीत," म्हणायची. त्या आईच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. इस्त्री पडली होती म्हणे पायावर. कधी पडली, कशी पडली, ते तिलाही धड सांगता यायचं नाही. "चिघळलं आणि गेली. तुझ्या बापाची अख्खी अक्कल गेली, तरी तो चालतोच आहे ना?" असं म्हणून हसायची आणि पुढचा सदरा ओढायची. लेकही हसायची. दणकट माणसांचं घर ते. चटका, काटा, ठेच असल्या गोष्टींचं कौतुक करायला तिथे कुणाला सवड नव्हती.

नवरा रंगारी. भिंती रंगवायचा. दिवसभर शिडीवर, घरी आला की गप्प. बायकोशी बोलायचा ते रंग बोलल्यासारखं, म्हणजे वाळल्यावर कळायचं काय म्हणाला ते. पण माणूस मनाने चांगला. त्यांना एकच मुलगी. चालायला लागली ती गिरक्या घेतच, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळेतल्या पटावर तिचं दुसरं काही नाव असेलही, घरात ते कुणी वापरलं नाही.

एक गोष्ट सासूला नवलाची वाटायची. भिंगरी तान्ही होती तेव्हा ही तिला हाताने कमी आणि गालानेच जास्त कुरवाळायची. पाठीवर गाल, पोटावर गाल, तळपायावर गाल. ताप बघायचा झाला तरी कपाळाला गाल लावायची.

"हात काय गहाण टाकलेस का?" सासू विचारायची.

"गालाने बरं वाटतं," ही म्हणायची, आणि खरंच त्याहून जास्त तिला ठाऊक नव्हतं.

भिंगरी शाळेत जायला लागली आणि चपला हरवायला लागली. सकाळी दोन चपला घालून जायची, दुपारी एक घेऊन यायची. रस्त्यात कुठेतरी पायातून निसटायची आणि ही आपली एका अनवाणी पायाने निवांत घरापर्यंत यायची.

"अगं, कळलं कसं नाही?" आजी कपाळावर हात मारायची. "न सांगता उठून जायला चप्पल म्हणजे काय तुझा बाप आहे?"

"नाही कळलं गं आजी. खरंच."

हसण्यावारी गेलं. शेवटी पट्ट्याचे बूट आणले. दुकानदाराने विचारलं, "बोटांना टोचतात का गं?" भिंगरी म्हणाली, "नाही." तिला कुठलाच बूट कधी टोचला नाही. लहान असो, मोठा असो, सगळे बरोब्बर बसायचे. आई म्हणाली, गुणाची पोर, हट्ट म्हणून करत नाही.

नखं कापायच्या दिवशी तर आईची छाती फुगायची. शेजारपाजारची पोरं नखं कापताना घर डोक्यावर घेत. भिंगरीबाई आईच्या मांडीवर पाय ठेवून गप्प बसायची. मग आई कापायचीही मन लावून. जिचा जन्म कॉलरचे कोपरे बसवण्यात गेला, तिला नखाचा कोपरा वर आलेला कसा चालेल? आत, अगदी आतपर्यंत कात्री घालून ती कोपरे गोल करायची. कधी रक्ताचा ठिपका यायचा. पोर हूं की चूं करायची नाही.

"बघा," सासूला म्हणायची, "माझ्यावर गेलीय."

आता या बोलण्यात काय वावगं होतं? कुठलीही आई म्हणेल.

दुखणं कळलं ते पायावरून नाही, मोज्यावरून. शाळेच्या पांढऱ्या मोज्यांना ती इस्त्री करत होती. इतर कुणी मोज्यांना इस्त्री करतं का? पण इस्त्रीवालीची पोर चुरगळलेल्या मोज्यांत शाळेत गेली तर गल्ली काय म्हणेल! तर मोजा इस्त्रीखाली चिकटला. अंगठ्याच्या जागी पिवळट, कडक डाग. डागांची तिला पारख होती. चहा, शाई, घाम, तेल, हळद, नुसत्या वासावरून सांगायची. हा तिने नाकाशी नेला आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"भिंगरे, इकडे ये. पाय दाखव."

अंगठा टोमॅटोसारखा फुगलेला. नखाचा कोपरा मांसात शिरलेला, बाजूला पू. पोर त्याच पायाने सकाळपासून उड्या मारत होती.

"दुखत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"थोडंसं जड वाटतं," भिंगरी म्हणाली, आईला बरं वाटावं म्हणून.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नखाची कड कापली, गोळ्या दिल्या, कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगितला. बरं झालं. पुन्हा रुतलं. पुन्हा कापलं. मग दुसरी बाजू रुतली. सासू म्हणायची, "नख कसलं, थोरली जाऊबाई आहे! एका बाजूने समजूत काढावी तर दुसरीकडून रुसून बसते." कुणी म्हणालं लिंबू बांधा, कुणी म्हणालं जोडे बदला. हिने सगळं केलं. नख काही ऐकेना. जुनं बरं व्हायच्या आत नवीन उगवायचं आणि उगवलं की आतच घुसायचं, जणू त्याला बाहेरचं जग बघायचंच नव्हतं.

शेवटी मोठ्या इस्पितळात गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बधिर करायचं इंजेक्शन भरून त्या वळल्या. सुई अंगठ्याच्या मुळाशी गेली. त्या सुईला मोठी माणसं आरडाओरडा करतात म्हणे. भिंगरी मात्र त्यांच्या कोटाची बटणं मोजत होती. "तुमचं एक बटण वेगळं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम थांबवलं. बटणाकडे नाही बघितलं, पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग तिला डोळे मिटायला सांगून कधी कापूस, कधी टाचणी पायाला लावत गेल्या. "सांग, कुठे लावलं?" भिंगरी अंदाजाने सांगत राहिली. परीक्षेत उत्तर येत नसलं की पोरं ठोकून देतात ना, तसं. गुडघ्याखाली आल्यावर तिचं प्रत्येक उत्तर चुकलं.

पुढे तपासण्या झाल्या, पायाला तारा लावून कसलं तरी यंत्र चालवलं. नसांचा आजार निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, अगदी हिला कळेल असं. "इस्त्रीची वायर वरून धड दिसते, पण आतली तार झिजली की काय होतं?"

"इस्त्री तापत नाही."

"तसंच. पाय धड आहे, पण पायाचा निरोप वरपर्यंत पोचत नाही. दुखलं, भाजलं, टोचलं, काहीच नाही. त्यात नसा कमजोर म्हणून बोटं वाकडी व्हायला लागलीत, बुटाला घासतात, म्हणून नख रुततं. आणि दुखत नाही म्हणून कळतं उशिरा." मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही?"

"नाही हो," ती लगेच म्हणाली. आणि मान जरा ताठ करून, "आमच्याकडे सगळे दणकट."

असं ती म्हणाली. खोटं नाही बोलली. ज्याला जन्मभर ताकद म्हटलं, त्याला आजार कोण म्हणेल?

डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिले. नख सरळ कापायचं, कोपरे आत कोरायचे नाहीत. कडेखाली कापसाची बारीक वात सरकवायची. रोज पाय बघायचे, तळवे, बोटांच्या फटी, सगळं. "तिला विचारू नका दुखतं का. जिथे हाताला, पायाला कळत नाही तिथे डोळ्यांनी बघायचं. जखम हाडापर्यंत गेली तर बोट वाचणार नाही, हे लक्षात ठेवा. सूज उतरली की नखाची कड मुळापासून काढू, मग त्रास संपेल. तोवर कोमट पाण्याचा शेक. आणि पाणी मोठ्या माणसाने आधी आपल्या हाताने बघायचं. पोरीला विचारायचं नाही."

"मी बघते ना," ही म्हणाली.

पण शेकाचं काम पडलं सासूकडे, कारण दुकानात कपड्यांचा ढीग. सासू पाण्यात बोट घालायची, "आई गं" करून काढायची, गार पाणी ओतायची, पुन्हा बोट घालायची. ही दुकानातून ओरडायची, "अहो आई, पाय शेकायचाय, लोणी थापायचं नाही! एवढ्या गार पाण्याने काय होणार?"

"तुझे हात म्हणजे सांडशी. माझे माणसाचे आहेत," सासू म्हणायची.

सूज उतरत चालली होती. इस्पितळाने नख काढायचा दिवसही दिला. भिंगरीने ठरवून टाकलं होतं की त्यानंतर शाळेच्या कार्यक्रमात नाचायचं. बाईंनी तिला मधोमध उभं केलं होतं, गिरकी तिचीच चांगली होती म्हणून.

आणि सासूची कमर धरली.

सुट्टी संपून शाळा उघडायचे दिवस होते. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे गणवेश टेबलावर येऊन पडलेले. सासू आतल्या खोलीत अंथरुणावर कण्हत होती. हिने किटलीभर पाणी तापवलं, टबात गार पाणी घेतलं, त्यात किटली ओतली आणि सांगितल्याप्रमाणे हात घालून बघितला. कोमट. थोडं कमीच वाटलं. अजून ओतलं. पुन्हा हात घातला. आता बरं. भिंगरीला खुर्चीवर बसवलं, दोन्ही पाय टबात सोडले आणि मांडीवर तुटक्या बटणांचा डबा दिला, रंग वेगळे करायला. मग गेली गणवेशांकडे. कान घराकडेच होते. पोर गुणगुणत होती. मधेच हिने येऊन पुन्हा हात घातला, गार झाल्यासारखं वाटलं, उरलेली किटली ओतली.

"दुखतंय का गं?" सवयीने विचारलं. विचारायचं नव्हतं.

"नाही," भिंगरी म्हणाली. "आई, निळी बटणं सगळ्यात जास्त आहेत."

काही वेळाने हाक आली, खुशीतली हाक.

"आई, बघ गं! मला लाल मोजे आले!"

ती हातात पॅंट तशीच घेऊन आली. भिंगरीने पाय टबाबाहेर काढून समोर धरले होते. घोट्याच्या वर सरळ रेघ, आणि रेघेखाली सगळं लाल. रेघ इतकी सरळ की इस्त्रीवालीच्या डोळ्याने ती आधी रेघ म्हणूनच बघितली. मग तिने जवळ जाऊन बघितलं. अंगठ्याजवळची कातडी सुरकुतून वर येत होती.

"काय झालं?" आतून सासू. मग ती भिंत धरत, कण्हत बाहेर आली. पाय बघितले. वाकता येत नव्हतं तरी वाकली, टबात बोट घातलं आणि किंचाळून मागे ओढलं.

"अगं बाई! हे कोमट?"

"कोमटच आहे," ती म्हणाली. "मी बघितलंय. तीनदा बघितलंय." आणि दाखवायला तिने पुन्हा हात घातला. कोमट. तिने हात आणखी खाली नेला, मनगट गेलं, पुढे कोपर गेलं, आणि कोपर जाताच तिच्या तोंडून ओरड निघाली.

हात सांगत होता कोमट. कोपर सांगत होतं आग.

ती तशीच वाकून राहिली, एकच हात, एकच पाणी, आणि दोघं दोन गोष्टी सांगत होते. सासूने तिला खसकन ओढलं. हात बाहेर आला तेव्हा पोरीच्या पायांसारखाच लाल झाला होता.

"आई, तुला पण मोजा आला," भिंगरी म्हणाली. मग दोघींची तोंडं बघून ती घाबरली आणि तेव्हा कुठे रडायला लागली. पायासाठी नाही, तोंडं बघून.

इस्पितळात पाय बरेच दिवस गुंडाळलेले राहिले. कातडी हळूहळू धरत गेली, पण उजव्या अंगठ्यात आधीच नखाने वाट करून ठेवली होती. त्या वाटेने जखम आत गेली. हाडापर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी एके सकाळी रंगाऱ्याला आणि हिला बाहेर बोलावलं. त्या बोलत होत्या आणि रंगारी नखांतला वाळलेला रंग खरवडत होता. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाला, "गिरकी घेता येईल का तिला?"

"चालता येईल," त्या म्हणाल्या. "शिकवू आपण."

तो शिडीवरून उतरावं तसा एकेक पायरी उतरून खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

मग डॉक्टरीणबाई हिला म्हणाल्या, "तुम्ही बसा. हात द्या."

"माझा हात बरा झालाय."

"द्या तर. डोळे मिटा."

ती डोळे मिटून बसली. वाट बघत बसली. टाचणी कधी लावतात म्हणून. मनात म्हणाली, लावल्यावर सांगीन. बराच वेळ गेला. शेवटी तिने विचारलं, "सुरू नाही केलं?"

तिने डोळे उघडले. बोटांवर लाल ठिपके होते, पाचही बोटांवर, टाचणीचे.

"तुमची आई?" त्यांनी हळूच विचारलं. "तिचे हात?"

आणि तिला तो निखारा आठवला, दोन बोटांत धरलेला. डाव्या पायाची नसलेली बोटं आठवली. ते हसणं आठवलं. आई दणकट नव्हती. आई आजारी होती, आणि जन्मभर कुणी तिला साधं बस म्हणालं नाही. आईने लेकीला दिलं ते हेच, आणि हिने आपल्या लेकीला. वर छाती फुगवून सांगितलं, माझ्यावर गेलीय.

"मी तुमचा हात तेव्हाच बघायला हवा होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या ध्यानात आलं नाही."

त्या चांगल्या होत्या. पण त्याने बोट काही परत येणार नव्हतं.

गल्लीत बातमी आधीच पोचली होती. कपडे न्यायला आलेली एक बाई दुसरीला म्हणाली, अगदी हिला ऐकू जाईल असं, "आईच्या हाताला एवढंही कळू नये?" सासू आतून कमर धरून उठून आली. "नाही कळत तिच्या हाताला. तुझ्या जिभेला तरी कुठे कळतं? घे तुझा सदरा आणि नीघ." पण बाईने म्हटलं ते खरंच होतं. शब्द न् शब्द खरा. आईच्या हाताला कळलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने लेकीला हात लावायचं सोडलं. वेणी सासू घालायची, आंघोळ सासू, पाय बघायचं काम बापाचं. ही कपडे करायची, जेवण वाढायची, आणि पोर जवळ आली की हात पदरात घ्यायची, एखाद्याने सुरी लपवावी तसे. भिंगरी विचारायची, "आई रागावलीय का माझ्यावर?" सासू म्हणायची, "तुझ्यावर कशाला? स्वतःवर." पोरीला हा फरक कळायचा नाही. पोरांना राग तो राग.

बापाने भिंतीला धरून चालायला शिकवलं तिला, बूट मऊ, रुंद, पुढे अंगठ्याच्या जागी कापूस. शाळेचा कार्यक्रम होऊन गेला. मधोमध दुसरी मुलगी उभी राहिली. भिंगरीने बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन सांगितलं, तिची गिरकी वाकडी जाते.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सासू आडवी झालेली. भिंगरी पायऱ्यांवर बूट काढून बसली आणि म्हणाली, "आई, माझे पाय बघायचे राहिलेत."

"बाबा आले की बघतील."

"बाबांना जवळचं नाही दिसत आता. त्यांना फक्त भिंत दिसते."

"मग आजी बघेल."

"आजीला मोतीबिंदू आहे." पोरीने थोडा विचार केला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या डोळ्यांनी बघायचं. तुझे डोळे तर चांगले आहेत की."

ती टेबलापाशी उभी राहिली. मग इस्त्रीचं बटण बंद केलं, पायऱ्या उतरली आणि हात मांडीत दाबून लेकीसमोर बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने ते पाय जवळून बघितले. कातडी नवी, गुलाबी, जागोजागी गुळगुळीत. उजव्या पायाला चार बोटं. अंगठ्याच्या जागी शिवणीसारखी रेघ, सरळ.

"ते नख तरी सुधारलं," भिंगरी म्हणाली. "आता नाही रुतणार."

आईला हसू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. आजीसारखं बोलायला शिकली होती पोर.

डाव्या अंगठ्याशी ती थांबली. नखाची कड लाल. कोपरा पुन्हा आत वळलेला. पुन्हा तेच नख, दुसरा पाय. ते आडमुठं काही सुधारलं नव्हतं.

"आहे ना?" पोरीने विचारलं. "मला वाटलंच. मोज्याला वास येत होता. शेकावं लागेल."

"आजीला उठवते."

"नको, तिची कमर दुखते. मी बघते पाणी." आणि ती लंगडत गेली, टब आणला, नळाचं आणि किटलीचं पाणी जपून मिसळलं आणि बाही वर करून कोपर आत घातलं. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. मग आईकडे बघून म्हणाली, "तू पण घाल."

दोघींची कोपरं एका टबात. पाणी खरंच कोमट होतं. कोमट म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. इतकं हलकं असतं ते, असून नसल्यासारखं. आणि तिने त्याला किती वेळा गार म्हणून नावं ठेवली होती.

शेक झाल्यावर तिने पाय मांडीवर घेतला, इतक्या दिवसांनी. कापसाची वात वळली आणि नजर न हलवता, बोटांवर नाही तर डोळ्यांवर भरवसा ठेवून नखाच्या कडेखाली सरकवली. वेळ लागला. पोर गप्प बसली होती, पहिल्यासारखीच. फक्त आता तिच्या गप्प बसण्याने कुणाची छाती फुगत नव्हती.

"आता तुझे," भिंगरी म्हणाली आणि आईचे हात ओढून उताणे केले. एकेक बोट बघत गेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर फोड होता, टपोरा, त्याच सकाळचा.

"हे कधी झालं?"

आईने बघितलं. "माहीत नाही."

"दुखतंय?"

"नाही गं."

"मग रडतेस कशाला?"

तिने खाली वाकून लेकीच्या पायावर गाल ठेवला, त्या गुलाबी, गुळगुळीत कातडीवर, तान्हेपणी ठेवायची तसा. गालाला ऊब कळली. पाण्याची ओल कळली. चार बोटं कळली, आणि पाचव्याची जागा.

भिंगरीला पायावर काहीच कळलं नाही. पण ती बघत होती, म्हणून तिला समजलं.